ज्याचा ठोका, त्याचं काम

मित्रांनो, मला सगळे घंटा म्हणतात, पण जन्मानं मी घंटा नाही. मी आगगाडीच्या रुळाचा एक जुना तुकडा आहे. नांदुऱ्याच्या ज्ञानगंगा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, जिन्याच्या तोंडाशी, छताच्या हुकाला साखळीनं लटकले आहे. शेजारी खिळ्याला एक लोखंडी सळई टांगली आहे. त्या सळईनं मला ठोकतात, मग मी बोलते. आज मात्र कोणी ठोकलं नाही. आज मी माझ्या मनानं बोलते आहे. थकलेल्याचं बोलणं लांबतं, तेवढं सोसून घ्या.

लोखंड थकत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्या शहाण्याला माझ्याकडे पाठवा. एक दिवस इथं लटकू दे म्हणावं, मग बोल.

माझा जन्म भट्टीतला. कुठल्या गावची भट्टी, ते मला सांगता येत नाही. जन्मणाऱ्याला गाव कुठं विचारतात? लालभडक असताना मला ओढून ओढून लांब केलं. इतकं लांब, की माझं डोकं कोणतं आणि पाय कोणते, हे मलाच कळेना. मग थंड करून, मालगाडीत घालून नांदुऱ्याला आणलं आणि स्टेशनाजवळ खडीवर निजवलं.

ती नोकरी सुखाची नव्हती, पण मानाची होती. माझ्या पाठीवरून डाकगाड्या गेल्या आहेत. कापसाच्या गाठी गेल्या, ज्वारीची पोती गेली, नव्या नवऱ्या गेल्या आणि म्हातारे काशीला गेले. उन्हाळ्यात मी तापून फुगायची, पौषात आखडायची, पण एक गाडी कधी माझ्यामुळे अडली नाही. म्हणून आज पार्किंगमध्ये कोणी नवी स्कूटी आणून मिरवू लागलं, की मला हसू येतं. येऊ द्या, मिरवू द्या. मी काय काय वाहिलं, ते माझं मला ठाऊक आहे.

पुढं माझी पाठ झिजली. एक साहेब आला, वाकून पाहिलं आणि खडूनं माझ्यावर फुली मारली. एवढी वर्षं सेवा केली आणि निरोप खडूनं. माझे तुकडे झाले, लिलाव झाला. बाकीच्या तुकड्यांचं काय झालं, कोण जाणे. मला इथल्या जिनिंगच्या मालकानं नेलं.

होय, जिथं आज हे अपार्टमेंट आहे, तिथं तेव्हा जिनिंग होती. कापसातून रुई आणि सरकी वेगळी करायचा कारखाना. मालकानं मला भोक पाडलं, साखळी घातली आणि फाटकाजवळ टांगलं. तेव्हापासून मी घंटा झाले. सकाळी माझा ठोका पडला, की कामकरी बाया आत शिरायच्या. दुपारी पडला, की भाकरीची फडकी सोडायच्या. संध्याकाळी पडला, की केसांतली रुई झटकत घरी जायच्या. माझ्या एका शब्दावर एवढ्या बायांचा दिवस चालायचा. असा मान कोणाच्या नशिबी येतो?

मग जिनिंग बंद पडली. जागा विकली गेली. पत्रे गेले, यंत्रं गेली, मी रेतीच्या ढिगाखाली गेले. इमारत उभी राहत होती, तेव्हा मिस्त्रीनं मला बाहेर काढलं आणि भंगारात टाकायला निघाला. त्याच वेळी तिथं अंबूबाई आली. अंबूबाई तरुणपणी याच जिनिंगमध्ये कामाला होती, आणि तिच्या मुलानं याच जागेवर तळमजल्याचा फ्लॅट घेतला होता. तिनं मिस्त्रीचा हात धरला आणि म्हणाली, "हिले फेकू नको बाप्पा. हिनं आमाले भाकरीले सोडलं हाये."

एवढ्या एका वाक्यावर मी वाचले. नाहीतर आज माझे खिळे झाले असते.

आता अपार्टमेंटची गोष्ट ऐका. बिल्डरनं लोकांच्या हाती चाव्या ठेवल्या आणि तो अकोल्याकडे गेला, तो गेलाच. वॉचमन नाही, मॅनेजर नाही. सगळा कारभार राहणाऱ्यांनीच करायचा. पण करायचा म्हणजे कोणी? दाराच्या आत जो तो मालक. दाराच्या बाहेर कोणीच मालक नाही. पाण्याची मोटर सुरू केली, तर बंद कोण करणार? नाली तुंबली, तर काठी कोण घालणार? जिन्यातला दिवा गेला, तर लोक अंधारात चाचपडत चढायचे आणि अंधारालाच शिव्या द्यायचे.

शेवटी सगळे पुरुष पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसले आणि शेषरावांना अध्यक्ष केलं. शेषराव अमडापूरकडचे. शेत वाट्यानं देऊन, नातवंडांच्या शाळेसाठी इथं राहायला आलेले. मिशी मोठी आणि आवाज मिशीहून मोठा. अध्यक्ष व्हायला आणखी काय लागतं? त्यांनी ठरवलं, की ज्याची काही अडचण असेल, त्यानं घंटा वाजवायची. घंटा वाजली, की सगळ्यांनी खाली यायचं.

पहिल्या वर्षी लोकांनी माझं डोकं खाल्लं. कोणाच्या ओल्या धोतराचं पाणी खालच्या कुरडयांवर पडलं, ठोका. कोणी चप्पल दुसऱ्याच्या दारात सोडली, ठोका. एका बाईनं तर शेजारणीच्या फोडणीचा ठसका लागतो म्हणून मला बडवलं. एकदा शेषराव जेवायला बसले आणि हातातला घास खाली ठेवून त्यांना उतरावं लागलं. का, तर कोणाच्या मांजरीनं कोणाचं दूध पिलं होतं. शेषराव तापले. तिथंच उभं राहून त्यांनी नियम केला, "आतापासून ज्याचा ठोका, त्याचं काम. ज्याले अडचण दिसली, त्यानंच ती निस्तरायची."

माना डोलल्या. नियम सगळ्यांना पटला. आणि दुसऱ्या दिवसापासून कोणाला कसलीच अडचण दिसेना.

नाली तुंबली, तरी लोक नाक दाबून जायचे, सळईला हात लावत नव्हते. फक्त एक बाई होती, तिला राहवलं नाही. ती दुसऱ्या मजल्यावरची पुष्पांजली. तिचा नवरा एसटीत वाहक. मुक्कामाच्या गाडीवर गेला, की दोन-दोन दिवस घरी नाही. मुलगी शिकायला बाहेरगावी. पुष्पांजली घरी शिलाईचं काम करायची. तिनं नालीसाठी ठोका दिला आणि नालीचं काम तिचं झालं. मग टाकीसाठी दिला, टाकी तिची झाली. मग लोकांना युक्ती सापडली. वरच्या गॅलरीतून हाक यायची, "पुष्पाताई, तेवढा ठोका द्या ना जरा." आपला हात नको, आपल्या गळ्यात काम नको. आणि ही भोळी उतरून यायची, सळई उचलायची.

हळूहळू सगळंच तिचं झालं. नगरपालिकेचं पाणी आमच्याकडे रोज येत नाही; येतं तेव्हा व्हॉल्व्ह फिरवून खालच्या टाकीत घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या पाळीपर्यंत कोरडं. ते तिच्याकडे. मोटर तिच्याकडे. जिन्यातले दिवे, टाकी धुणारी माणसं, मीटरवाला, सगळं तिच्याकडे. लोक तिला सेक्रेटरी म्हणू लागले. पदवी फुकट मिळते, मित्रांनो. तिच्याबरोबर येतं ते ओझं फुकट नसतं.

मला हात ओळखू येतात. पुष्पांजलीचा पहिला ठोका घणासारखा होता. माझा आवाज पार स्टेशनापर्यंत गेला होता. मग तो वर्षावर्षानं हलका होत गेला. शेवटी शेवटी तर सळई माझ्या अंगावर नुसती येऊन पडायची, जशी थकलेली बाई भिंतीला पाठ टेकते तशी. मीही तशीच वाजायची. आम्ही दोघी एकमेकींचा थकवा ओळखत होतो. बाकी कोणाला तो ऐकू येत नव्हता. त्यांना फक्त घंटा ऐकू यायची.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी साखरखेर्ड्याहून फोन आला. पुष्पांजलीची आई न्हाणीघरात पडली होती. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता उठवायला-बसवायला माणूस पाहिजे. भाऊ सुरतेला. पुष्पांजलीनं मला ठोकलं, लोक जमले, आणि तिनं सांगितलं, की मी दोन-तीन महिने आईकडे जाते, माझं काम कोणीतरी घ्या.

शेषराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "जाय ना बाई. आईची सेवा पहिली. पण कोणाले तरी सांगून जाय."

कोणाला तरी. हा कोणीतरी आमच्या अपार्टमेंटमध्ये राहत नाही. मी इतकी वर्षं इथं लटकले आहे, मला तो एकदाही दिसला नाही.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचा जीवन उठला. जीवन पुण्याच्या कंपनीचं काम इथूनच, घरी बसून कॉम्प्युटरवर करतो. दोन लेकरांचा बाप आहे, पण अजून बर्मुडा घालून सभेला येतो. तो म्हणाला, "माणूस नाही भेटत तं ॲप घेऊ ना काकू. मोठ्या शहरात सगळ्या सोसायट्या ॲपवरच चालतात. सूचना, तक्रारी, मतदान, सगळं फोनवर. घंटा वाजवायचं कामच नाही."

खरं सांगते, मित्रांनो, तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं. नाही वाटलं. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, आण बाबा ते तुझं ॲप. मी सुटेन, आणि ही पोरगीही सुटेल. भंगारात गेले तरी चालेल, निदान तिथं कोणी ठोकणार नाही.

मग दर रविवारी ॲपची निवड सुरू झाली. शेषरावांच्या गाडीच्या बॉनेटवर जीवन लॅपटॉप ठेवायचा, पुरुष खुर्च्यांवर बसायचे, बाया नेहमीप्रमाणे जिन्याच्या पायऱ्यांवर. मुलगी पाहावी तशी एकेका ॲपची पाहणी झाली.

पहिलं ॲप फार थोरामोठ्यांचं होतं. तुमचे टॉवर किती, पोहण्याचा तलाव कितीला उघडतो, क्लबहाउस कोणाच्या नावावर, असं विचारायला लागलं. आमच्याकडे फाटकाची जागा आहे, पण फाटक लावायचं बिल्डर विसरला. त्यात वॉचमनचं नाव घातल्याशिवाय गाडी पुढं सरकेना. अंबूबाई दिवसभर जिन्याजवळ खुर्ची टाकून बसते, म्हणून जीवननं तिचंच नाव टाकलं. अंबूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पगार कोन देते?" ते ॲप तिथंच नापास झालं.

दुसरं फुकट होतं. फुकट म्हटल्यावर शेषराव खूश. पण त्याच्या प्रत्येक सूचनेखाली एक जाहिरात यायची. जीवननं परीक्षा म्हणून सूचना टाकली, की टाकीत पाणी नाही, जपून वापरा. तिच्या खाली वॉटरपार्कची जाहिरात. तिच्यातले लोक पाण्यात लोळून हसत होते. ज्या गावात पाण्याची वाट पाहत बाया भांडी मांडून बसतात, तिथं असलं चित्र. बायांनीच ते ॲप काढायला लावलं.

तिसरं मराठीत होतं. साधं होतं. सूचना, तक्रार, मतदान, बस. अक्षर मोठं होतं. सगळ्यांना आवडलं. आधी महिनाभर वापरून पाहू, मग पक्कं करू, असं ठरलं. जीवन त्यात माहिती भरू लागला. ॲपनं विचारलं, तक्रार आली तर कोणाकडे पाठवायची? जीवननं मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. कोणी खोकलं, कोणी मोबाईल पाहू लागलं. जीवन म्हणाला, सध्यापुरतं पुष्पाकाकूंचं टाकतो. आणि नालीसमोर, पाण्यासमोर, दिव्यासमोर, प्रत्येक ठिकाणी त्यानं पुष्पांजली असंच लिहिलं.

मी वरून पाहत होते. अक्षर मला येत नाही, पण तेच तेच नाव लिहिताना बोटं तशीच तशी फिरतात, ते दिसतं. तिथंच मी मनातून खचले.

पुष्पांजली पिशवी घेऊन निघाली. नांदुऱ्याहून साखरखेर्डा म्हणजे जिल्ह्याचं एक टोक ते दुसरं टोक. गाड्या बदलत बदलत दिवस मोडतो. जाताना ती माझ्यापाशी थांबली. सळई खिळ्यावर वाकडी टांगली होती, ती सरळ केली आणि गेली.

आणि मग इथं तक्रारींना पूर आला. ठोक्याला नियम होता, ॲपला नव्हता. माझी सळई उचलायला मनगट लागायचं आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहावं लागायचं. बोटाला काय, बोट कुठंही दबतं. पलंगावर पडल्या पडल्या लोक तक्रारी करू लागले. दिवा गेला, दाबलं बटण. जिन्यात कागद पडला, दाबलं बटण. तो कागद उचलायला जितका वेळ लागला असता, त्याहून जास्त वेळ त्याचा फोटो काढायला लागत होता. जो तो म्हणायचा, किती सोपं झालं.

सोपं कोणाला झालं आणि अवघड कोणाला, ते फक्त अंबूबाईला आणि मला ठाऊक होतं. अंबूबाईकडे बटणाचा फोन आहे. तिला कमी ऐकू येतं, म्हणून तो मोठ्या आवाजात चालतो. पुष्पांजली दुपारी तिला फोन करायची. एकदा म्हणाली, "मावशी, आईले उठवून बसवलं का फोन वाजते. जिन्यातला बल्ब गेला म्हंते. मी इथून बल्ब कसा बदलू? आई विचारते, कोनाचा फोन हाये, काऊन कापून राह्यली. आता तिले काय सांगू?"

अंबूबाईनं फोन ठेवला आणि वर माझ्याकडे पाहिलं.

मग तो दिवस आला. सकाळी लोक घरात आवराआवर करत होते, त्या वेळी नगरपालिकेचं पाणी आलं. नळाच्या पाइपात हवा खाकरली, मग पाण्याचा खळखळाट झाला. तो आवाज प्रत्येक घरात जातो. व्हॉल्व्ह जिन्याच्या खाली, माझ्यापासून हातभर अंतरावर. कोणीही उतरून फिरवला असता. पण कोणी उतरलं नाही. उतरलो तर हे काम आपल्या गळ्यात पडेल, ही इतक्या वर्षांची भीती. ठोकाही कोणी दिला नाही. सगळ्यांनी काय केलं? फोन काढले आणि तक्रार टाकली, की पाणी आलं आहे, व्हॉल्व्ह उघडा. एकामागून एक सगळ्या तक्रारी साखरखेर्ड्याला गेल्या. पुष्पांजली तेव्हा आईला न्हाऊ घालत होती.

अंबूबाईनं खुर्चीवरून आरडाओरडा केला, पण वर दारं लावून पंखे चाललेले. तिनं स्वतः व्हॉल्व्हला हात घातला, पण जिनिंगमध्ये रुई ओढून ओढून बोटं वाकडी झालेली. व्हॉल्व्ह हलला नाही. थोड्या वेळानं पाण्याचा आवाज बारीक झाला आणि थांबला. टाकी कोरडी.

संध्याकाळी शेषरावांनी पुष्पांजलीला फोन लावला. म्हणाले, बाई, तू नसली तं इथं काही खरं नाही, रविवारी येऊन जाय, ॲपचं पक्कं करून टाकू, मग तुझं तू पाय. तिनं आईजवळ शेजारीण बसवली आणि आली. सकाळची निघालेली, दुपार टळल्यावर पोचली. पायात चप्पल तशीच, पिशवी हातात तशीच, पार्किंगच्या मध्यावर उभी राहिली.

लोकांनी तिला पाण्याचं ऐकवलं. कोणाकडे टँकर बोलवावा लागला, कोणाचे कपडे साचले. ती मान खाली घालून ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "मी काही मागत नाही तुमाले. मले मोकळं करा. माह्यी माय खाटेवर हाये. तिच्यापाशी दोन महिने मले बिनाफोनचं बसू द्या."

जिन्यावरच्या बाया पुढं सरकून ऐकू लागल्या.

शेषरावांनी घसा साफ केला आणि विषय बदलला. म्हणाले, आधी मतदान करून ॲप पक्कं करू. त्यांनी मोठ्या ऐटीत फोनवर बोट ठेवलं. फोन काही ऐकेना. जीवन जवळ जाऊन पाहू लागला आणि त्याचा चेहरा पडला. घरं घेताना सगळ्यांनी बायकांच्या नावावर घेतली होती. बाईच्या नावानं नोंदणी केली, तर सरकारी खर्च थोडा वाचतो म्हणून. जीवननं ॲपमध्ये मालक म्हणून तीच कागदावरची नावं भरली होती. त्यानं अडखळत वाचून दाखवलं, "आपण आशाबाई यांच्या कुटुंबातील सदस्य आहात. मतदानाचा अधिकार फक्त मालकाला आहे."

सगळ्या पुरुषांचं तसंच झालं. इतकी वर्षं ज्या खुर्च्यांवर बसून त्यांनी ठराव केले, त्या खुर्च्यांवर एकही मालक बसलेला नव्हता. सगळे मालक पायऱ्यांवर बसले होते.

आधी कोणीतरी फिसकन हसलं. मग आशाबाई, शेषरावांची बायको, पदर सावरत उठली. ती फार बोलणारी बाई नाही. पुष्पांजलीच्या हातातली पिशवी तिनं काढून खुर्चीवर ठेवली आणि जीवनला विचारलं, "जीवन, जिथीतिथी पुष्पाचं नाव लिवलं ना तू. ते बदलता येते का?"

जीवन म्हणाला, "हाव काकू, कव्हाबी बदलता येते. महिन्याच्या महिन्यालेबी येते."

"मंग पाण्याले माह्यं लिव."

शेषराव म्हणाले, अवं, तुले कुठं व्हॉल्व्ह फिरवता येते. आशाबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "तुमाले चाळीस साल फिरवलं, व्हॉल्व्ह काय चीज हाये." आणि सरळ माझ्याकडे आली. नियम तर नियम. सळई उचलली आणि दिला एक ठोका.

मित्रांनो, तो हात मला नवा होता. पोळ्या लाटणारा, न घाबरणारा हात. मी दचकून वाजले.

तिच्या मागून चौथ्या मजल्यावरची छाया आली. छाया बालवाडीत शिकवते. तिनं दिव्यांसाठी ठोका दिला. मग जीवनची बायको उतरली, तिनं टाकी धुण्याचं घेतलं आणि शिवाय नवऱ्याला सांगितलं, की नाव माझं लिहा, पण टाकीत तुम्ही उतरायचं. जीवन मुकाट लिहीत होता. एकेक नाव बदलत गेलं. पुष्पांजली तशीच उभी होती. तिला काय करावं ते कळत नव्हतं.

शेवटी उरली नाली. नाली कोणाला आवडते? बाया थांबल्या. तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शेषराव उठले. माझ्याजवळ आले, सळई हातात घेऊन क्षणभर तिचं वजन पाहिलं. हा नियम त्यांचा. पण इतक्या वर्षांत त्यांचा हात मला एकदाही लागला नव्हता. त्यांनी ठोका दिला. जरा ओशाळा होता, पण दिला. सळई जाग्यावर टांगून ते पुष्पांजलीला एवढंच म्हणाले, "शेवटची गाडी निंगाची हाये. चाल, स्टँडवर सोडून देतो."

मग मालकांनी मतं दिली आणि ते तिसरं, साधं, मराठी ॲप पक्कं झालं. ते काही फार हुशार आहे म्हणून नाही. त्यात नाव बदलता येतं म्हणून. आता दर महिन्याला कामं फिरतात. बायांनी शेषरावांचा नियमही बदलला. ठोका कोणाचाही असो, काम पाळीनं. गंमत अशी, की तक्रारीही कमी झाल्या. पुढच्या महिन्यात नाली आपल्याकडे येणार, हे ठाऊक असलेला माणूस नालीत कचरा टाकताना जरा थांबतो.

मला आता रोजचं काम नाही. पाणी आलं, की तेवढा एक ठोका पडतो, कारण अंबूबाईसारख्यांच्या फोनवर ॲप चालत नाही आणि मी त्यांनाही ऐकू जाते. बाकी दिवसभर मी गप्प असते. माझ्या कडेला गंज धरू लागला आहे. छाया म्हणते रंग लावू. लावा नाहीतर राहू द्या, मला आता नटायची हौस नाही.

आषाढात पुष्पांजली एक दिवसासाठी आली होती, घरातले काही कपडे न्यायला. आई आता वॉकर धरून अंगणापर्यंत येते, असं ती अंबूबाईजवळ बसून सांगत होती. तेवढ्यात पाणी आलं. आशाबाई उतरली आणि तिनं मला ठोका दिला. तो ऐकताच पुष्पांजली बोलता बोलता ताडकन उठली. चेहरा तोच, जुना. अंगाला सवय लागते. माझ्याही अंगाला लागली होती, रूळ सुटल्यावर कितीतरी दिवस मला पाठीवर गाडी आल्यासारखं वाटायचं.

अंबूबाईनं तिचं मनगट धरलं आणि तिला परत खाली बसवलं.

"बस ना बाई," ती म्हणाली, "तुह्या नावाचा नाही तो ठोका."

पुष्पांजली बसली. आणि मग, लेकरांनो, ती रडली. टाकीत पाणी पडत होतं, त्या आवाजात कोणाला कळलं नाही.

मी म्हातारी झाले, माझं काही मागणं नाही. मला तेल लावू नका, हार घालू नका. फक्त एवढं करा. तुमच्या घरात, तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत एक तरी माणूस असा असतो, ज्याला सगळे हाक मारतात आणि जो नेहमी उठतो. एखाद्या दिवशी त्याच्या आधी तुम्ही उठा. त्याला बसू द्या.